वरच्या मजल्याचा फ्यूज

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शॉक बसल्यावर माणूस गप्प का बसतो? मला उत्तर येत नाही. दिवसभर डोकं खाजवलं. नाही येत.

आईला बाथरूममध्ये शॉक बसतो. बसला असं नाही — बसतो! नाताळच्या आधीपासून. आरशावरच्या चकचकीत दिव्यावर वाफ धरते. ती ओल्या हातानं पुसायला गेली की बोटांत झिणझिण्या, कधी थेट कोपरापर्यंत. आणि मला हे कळलं कसं? तर आज सकाळी पाहिलं, बाईसाहेब लाकडी चमच्याला फडकं गुंडाळून दिवा पुसत होत्या!

"आई, हे काय?"

"काही नाही गं. चावतो जरा."

चावतो! दिवा आहे की शेजारचं कुत्रं?

"बाबांना सांगितलंस?"

"हळू बोल. त्यांनी लावलाय तो."

झालं. एवढंच कारण. लग्नाच्या वाढदिवसाला बाबांनी तो दिवा आणला, स्वतः लावला, म्हणून तो चावला तरी चालेल. मी म्हटलं, अगं, हा विजेचा प्रश्न आहे, रुसव्याफुगव्याचा नाही. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." पदवी मिळाल्यापासून घरात हे वाक्य फार ऐकते. जणू विद्यापीठात अक्कल ठेवून रिकाम्या हाती परत आले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मी काम करते त्या सल्ला केंद्रात आज एक भाडेकरू बाई आली. स्वयंपाकघरातल्या स्विचमधून ठिणग्या उडतात. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "घाबरू नका. वेल्समध्ये घरमालकाला विजेची तपासणी करून घ्यावीच लागते. दर पाच वर्षांनी. गप्प बसू नका!" ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुमच्या घरी असं होत नसेल, नाही?"

आमचं घर आमच्या मालकीचं. स्वतःच्या घरात माणसानं खुशाल मरावं, कायदा मध्ये पडत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवारी बाबा चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जातात. खर्जातला आवाज, दुसरी रांग, बारा नंबरच्या इडवाल काकांच्या शेजारी. मी तेवढ्यात जिन्याखालचं कपाट उघडलं. कोटांच्या मागे, इस्त्रीच्या टेबलाच्या मागे तो बोर्ड. तपकिरी, जड. फ्यूजची ओळ. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात चिकटपट्टी — वरचे दिवे, खालचे दिवे, शेगडी. शेजारी तंबाखूच्या डबीत फ्यूजच्या तारेचं पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं भेंडोळं. तार वितळली की बाबा नवी गुंडाळतात. ते कारखान्यात वायरमन होते, गल्ली त्यांना अजून 'एमलिन ठिणगी' म्हणते. मी लहानपणापासून बघत आले आहे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी हे असंच असतं.

तीन दिवस मिळेल ते वाचतेय. समाजशास्त्रवाल्या मुलीला जेवढं कळेल तेवढं कळलं. गोष्ट साधी आहे. असा फ्यूज घर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. आईच्या अंगातून जी वीज जाते ती त्याच्या लेखी काहीच नाही, तार गरमसुद्धा होत नाही. शिवाय आमच्या दिव्यांच्या जुन्या वायरीला अर्थिंगच नाही. आणि तिच्या टोकाला बाबांनी लावलाय धातूचा दिवा!

नवे स्विच मिळतात. किती वीज गेली आणि किती परत आली ते सतत ताडून बघतात. थोडी जरी वाटेत गळली — म्हणजे आईच्या हातातून — की क्षणात तोडून टाकतात. बाथरूमला तर ते हवेतच. नव्या घरांत असतातच.

तर मग? बोलायचं. शनिवारी. आईनं डोळ्यांनी विनवलं, नको. मी बोलणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोलले. मॅच संपल्यावर. ही पहिली चूक असेल, पण मॅचच्या आधी बोलले असते तर तीही चूकच ठरली असती.

"बाबा, आईला बाथरूममध्ये शॉक बसतो."

आईनं उशी छातीशी धरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मेन्ना?"

"तसं काही नाही, एमलिन. थोडंसं."

"ओल्या हातानं कशाला हात लावतेस?"

पाहा! बाथरूममध्ये कोरड्या हातानं वावरायचं! मी म्हटलं, बोर्ड बदलून घेऊ. माणूस बोलावू. बस, आकाश कोसळलं.

"कोण माणूस? कुठला माणूस? या गल्लीत दिव्याची वायर ओढली ती कुणी? एमलिन ठिणगीनं! कारखान्यात मी ज्या तारांना हात लावलाय ना, त्यातली एक नुसती लांबून दिसली तरी तुझं ते सल्ला केंद्र फीट येऊन पडेल."

"कारखाना बंद पडून जमाना झाला, बाबा."

"माझा बोर्ड नाही पडला बंद! मेलं का कुणी या घरात आजवर?"

"मेल्यावरच बदलायचा का?"

"तीन वर्षं विद्यापीठात पाठवलं ते बापाला फ्यूज शिकवायला?"

"हो!" मी म्हटलं. "त्यासाठीसुद्धा!"

आई उठून चहा ठेवायला गेली. आमच्या घरी भांडण संपलं की नाही हे किटली ठरवते. आज किटली शिट्टी मारून गप्प झाली, आम्ही नाही झालो.

रविवार, ९ फेब्रुवारी

अबोला. बाबांनी तो दिवा उघडून आत काळी पट्टी गुंडाळली आणि "झालं" म्हणून जाहीर केलं. आईनं पुसून पाहिला. म्हणाली, "आता नाही चावत." लाकडी चमचा मात्र टॉवेलाखाली तसाच आहे. मी पाहिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

वरच्या दिव्यांचा फ्यूज काढला. अख्खाच. कोटाच्या खिशात घातला आणि कामावर गेले!

दिवसभर खिशात हात घालून त्याला कुरवाळत होते. चिनीमातीचा गार तुकडा. इतकं बरं मला पदवी घेतानाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर वरचा मजला काळोखात. बाथरूम, खोल्या, सगळं. बाबा जिन्याच्या पायथ्याशी, हाताची घडी घालून.

"फ्यूज दे."

"नाही देणार. नवा बोर्ड येईपर्यंत कंदिलात आंघोळ करू."

"माझ्याकडे दुसरे पडलेत डबीत."

"मग घाला. आणि आईकडे बघून घाला."

गंमत म्हणजे जिन्याच्या माथ्यावरचा दिवा लागतो! वरचा फ्यूज माझ्या खिशात, आणि जिन्यातला दिवा खुशाल जळतोय. मी म्हटलं, वा, निदान पडणार तरी नाही कुणी. बाबांनी त्या दिव्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलणार होते, नाही बोलले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाबा तोंडात टॉर्च धरून दाढी करतात. हनुवटीवर तीन ठिकाणी कापलंय. तरी बोलत नाहीत.

आज सकाळी मात्र बाबांनी डबीतून दुसरा फ्यूज काढला, आणि आई — माझी आई, जी दुकानात सुटे पैसे कमी आले तरी बोलत नाही — ती जिन्यावरून म्हणाली, "एमलिन, तू तो घातलास, तर मी आंघोळीला डिलिसकडे जाईन. टॉवेल हातात घेऊन. गल्लीतून. चालत."

डबी बंद झाल्याचा आवाज आला.

एकोणीस नंबरची डिलिस काकू म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. आई टॉवेल घेऊन तिच्या दारात गेली असती तर दुपारी पाववाल्यालाही कारण कळलं असतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज कमाल झाली. इतकं चिडलेले बाबा मी पाहिले नव्हते.

ठरवलं, बोर्ड राहू दे, आधी तो चकचकीत दिवा तरी काढून टाकू. फ्यूज माझ्याच खिशात. म्हणजे वर वीज नाही. बेलाशक. स्टूल घेतलं, पेचकस घेतला, जिन्यातला दिवा लावला, त्याचा उजेड दारातून येत होता. दिव्याचं झाकण काढलं. आत लाल तारा, काळ्या तारा, बाबांची ती चिकट पट्टी. काळ्या तारांचा जोड सैल करायला पेचकस लावला, आणि खालून ओरडा.

"उतर! उतर खाली! हात काढ!"

मी म्हटलं, नाही उतरत. मग धाडकन आवाज, आणि अख्खं घर काळोखात. बाबांनी मेन स्विच पाडला. टीव्ही, शेगडी, सगळं बंद! आईचे वेल्श केक तव्यावर अर्धे कच्चे. त्यांच्या दिव्याला हात लावला म्हणून अख्ख्या घराची वीज घालवायची? हा हट्ट की काय!

ते वर आले. टॉर्चच्या उजेडात चेहरा पांढराफटक.  मला मनगटाला धरून खाली उतरवलं, आणि त्या तारांवर झाकण लावून टाकलं.

मी ओरडले, "तुमच्या हातचा दिवा आईपेक्षा मोठा आहे का?"

ते टॉर्च घेऊन खाली गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी पाव भाजताना, पाठमोरे, बाबा — "बोलाव तुझ्या माणसाला."

जिंकले! आई म्हणाली, टाळ्या वाजवू नकोस. मी टेबलाखाली वाजवल्या.

फक्त एक सांगायचं राहिलं — माणूस नाही, बाई आहे. केरिस. खालच्या रस्त्यावर तिची दोन माणसांची कंपनी आहे, सगळे तिचंच नाव घेतात.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

खूप लिहायचंय. हात दुखला तरी चालेल.

केरिस सकाळी आली. चिखलाचे बूट दारात काढून, पायात लाल मोजे. बाबा म्हणाले, "तूच का? शिडी तरी उचलता येते का?" ती म्हणाली, "शिडी येते. तुम्हाला उचलायला मात्र कुणीतरी लागेल, मधे उभे राहिलात तर." बाबा चक्क हसले. तेवढंच हसले आज.

बोर्ड पाहून ती म्हणाली, "सुंदर." थट्टा नव्हती. "असं काम आता कुणी करत नाही. आणि असं कुणी करूही नये." आईच्या चकचकीत दिव्याला मात्र तिनं बोटही लावलं नाही, आधी सगळीकडे वीज मोजली. दिवा उघडल्यावर आतली जुनी वायर बोटात चुरली, शिळ्या पावासारखी. बाबांची पट्टी तेवढी नवीकोरी.

दुपारपर्यंत जुना बोर्ड खाली, नवा भिंतीवर. पांढरा, छोटा. प्रत्येक वायरीला स्वतःचा गळती पकडणारा स्विच. बाथरूममध्ये प्लास्टिकचा, वाफ न शिरणारा बंद दिवा. आईनं छतावरून लोंबणारी बटणाची दोरी ओढली. उजेड! आई दिव्याकडे बघत उभी राहिली, मग हळूच हात वर करून त्याला बोट लावलं. काही नाही. दुसरं बोट. काही नाही. मला रडू आलं, मी दात घासायचा ब्रश सरळ ठेवायचं नाटक केलं.

मग केरिस सरळ जिन्याशी गेली. दुसरं काही न तपासता. जणू तिला माहीतच होतं. जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं.

खट्! वर काळोख, खाली काळोख.

"हा बघा तुमचा नवा बोर्ड!" बाबा स्वयंपाकघरातून. "माझा इतकी वर्षं टिकला, हा दुपार नाही टिकला!" पण आवाजात जोर नव्हता. मला ते तेव्हाच जाणवलं.

केरिस पायरीवर बसली. "एमलिन, या इकडे. तुम्हीच सांगता का मी सांगू?"

बाबा आले. कठड्याकडे बघत उभे राहिले. मग तिनंच मला सांगितलं. जिन्यातला दिवा वीज घेतो खालच्या वायरीतून आणि परत पाठवतो वरच्या. न्यूट्रल — म्हणजे वीज परत नेणारी काळी तार — वरचा उसना घेतलाय. नवे स्विच एका वाटेनं गेलेली वीज त्याच वाटेनं परत आली का ते बघतात. इथं खालच्याकडून गेलेली परत येत नाही, वरच्याकडे न गेलेलीच परत येते. दोघंही बिचकतात आणि तोडतात.

"जुन्या फ्यूजला कळतच नाही हे," ती म्हणाली. "म्हणून दिवा वर्षानुवर्षं छान लागतो. आणि एक दिवस कुणीतरी वरचा फ्यूज काढतो, वर सगळं बंद आहे असं समजून काळ्या तारांचा जोड सोडतो. जिन्यातला दिवा चालू असतो. त्यातून उलटी आलेली वीज त्या सुट्या काळ्या तारेत उभी असते. वाट बघत."

मी बाबांकडे बघितलं.

स्टूल. पेचकस. काळ्या तारांचा जोड. खिशात फ्यूज, आणि दारातून येणारा जिन्यातल्या दिव्याचा उजेड.

त्यांनी मेन स्विच पाडला तो दिव्यासाठी नव्हता.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"होतं," ते म्हणाले. आणि बागेत निघून गेले. पाऊस होता, टोपी न घालता.

केरिसनं जिन्यातल्या दिव्याला खालूनच दुसरी तार आणली. संध्याकाळपर्यंत भिंतीत एक खाच, आणि दिवा लागला. काहीही तुटलं नाही. आईला बाथरूममध्ये आता काही होणार नाही. मला जे हवं होतं ते झालं!

मग मला हरल्यासारखं का वाटतंय?

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबांनी स्वतःहून सांगितलं. बटाटे सोलताना, सालींशी बोलावं तसं.

फार पूर्वी डिलिस काकूचा नवरा ग्लिन जिन्यावरून पडला होता. तेव्हा या घरांत जिन्याच्या फक्त पायथ्याशी बटण होतं. वर पोचून दिवा घालवायचा तर परत खाली यायचं. म्हणून लोक काळोखातच चढायचे. ग्लिनचं माकडहाड मोडलं. कामाला परत आला नाही. मग बाबांनी प्रत्येक घरात वर एक, खाली एक अशी बटणं लावली. रविवारी, फुकट. नवा न्यूट्रल खालून ओढायचा तर भिंत फोडावी लागे, आणि लोकांनी नुकताच रंग दिलेला. म्हणून जवळचा वरचा घेतला.

"सगळेच करायचे तसं. आम्ही हसायचो त्याला."

"प्रत्येक घरात?"

"गल्लीत पोरी जिना उतरायला घाबरत नव्हत्या, नेस्टा. तूही नाही घाबरलीस कधी."

"सांगायला हवं लोकांना, बाबा."

सुरी थांबली. "आपल्या घरातलं तू केलंस, मी करू दिलं. पण गल्ली माझी आहे. दारात गेलो की लोक म्हणतात, ठिणगी आला, आता उजेड होईल. ते तेवढं राहू दे. पुढच्या शनिवारी संत डेव्हिडचा दिवस, आपल्या वेल्सचा सण, चर्चमध्ये गाणं. मला दुसऱ्या रांगेत मान वर करून उभं राहायचंय. माझ्यामागे काय करायचं ते कर."

म्हणजे ते गेल्यावर! आणि तोवर?

रविवार, २३ फेब्रुवारी

आईला म्हटलं, तू सांग, काय करू? ती म्हणाली, "मला विचारू नकोस, मी चमच्यानं दिवा पुसणारी बाई."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

त्या दिवशी आलेली भाडेकरू बाई परत आली. घरमालकानं तपासणी करून घेतली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुम्ही ओरडलात म्हणून मी बोलले."

अनोळखी बाईला ओरडून सांगता येतं. स्वतःच्या गल्लीत जीभ टाळूला चिकटते. हे चालणार नाही. बाबांवर माझं प्रेम आहे आणि त्यांनी लावलेली बटणं गल्लीतल्या प्रत्येक बाईनं अंधारात हात लावून शोधली आहेत. दोन्ही खरं. पण कुणाच्या तरी स्टुलाखाली मेन स्विच पाडायला बाबा उभे नसणार.

गुरुवारी तालीम आहे. गुरुवारी जाणार.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

गेले. आणि मी मूर्ख ठरले!

पहिलं दार बारा नंबर, इडवाल काकांची बायको लोइस. मी भाषण पाठ करून गेले होते. "काकू, बाबांनी जिन्यातला दिवा लावला ना, त्यात एक..."

तिनं मला आत ओढून दार लावून घेतलं. "अगं, हळू! माहीत आहे. बदलून घेतलं कधीच."

"कधी?"

"झाली दोन-तीन वर्षं. गुरुवारी. एमलिन तालमीला असतो ना! केरिसची गाडी मागच्या रस्त्यावर उभी केली. इडवालचा घसा त्या दिवशी बसला होता, असं त्यानं तालमीत कळवलं." आणि खिदळायला लागली. मग एकदम गंभीर. "बाबांना सांगू नकोस हं. जीव जाईल त्यांचा."

पुढचं दार. तेच! त्याच्या पुढचं. तेच! कुणी मुलाच्या घरून माणूस आणला, कुणी केरिसला मागच्या दारानं. सगळे गुरुवारी. अख्खी गल्ली वर्षानुवर्षं बाबांच्या पाठीमागे वायरी बदलतेय आणि समोर म्हणतेय, ठिणगी आला, उजेड होईल! तरीच केरिस सरळ जिन्याशी गेली.

म्हणजे आई एकटी नव्हती. सगळ्यांनी आपापला लाकडी चमचा टॉवेलाखाली लपवलाय. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, माणूस गप्प का बसतो. उत्तर मिळालं. मायेपोटी. मिळालं, पण पटलं नाही! कारण शेवटचं दार एकोणीस नंबरचं.

डिलिस काकूनं काहीच बदललेलं नाही. तिला कुणी सांगितलंच नाही — ती वर्तमानपत्र ना! तिला कळलं की बाबांना कळणार. मी सांगितलं तर ती हसली. "एमलिननं केलेलं चुकीचं? बाळा, माझा ग्लिन गेला तेव्हा त्याला त्याच दिव्याखालून नेलं. एमलिन स्वतः येऊन म्हणेल तेव्हा बघू. केक खा."

मी केक खाल्ला. मग ती म्हणाली, "आणि तसंही सोमवारी जावई येतोय, बाथरूममधला दिवा बदलायला. हुशार आहे. वरचा फ्यूज काढला की काम झालं, म्हणाला."

मी बशी खाली ठेवली. पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "तुझी आईसुद्धा लहानपणी अशीच होती, सगळ्याला घाबरायची." ती फक्त एका माणसाचं ऐकेल. आणि त्या माणसानं माझ्याकडे शनिवार मागून घेतलाय. त्याला वाटतं, तो तिच्या दारात गेला तर गल्लीला कळेल.

गल्लीला!

शनिवार, १ मार्च

सांगितलं. सकाळीच. बाबा आरशासमोर कोटाला सणाचं पिवळं डॅफोडिलचं फूल लावत होते. डिलिस काकूचा जावई, सोमवार, आणि मग बाकीचंही सगळं — बारा नंबर, इडवाल काकांचा बसलेला घसा, मागच्या रस्त्यावरची गाडी, सगळे गुरुवार. "गल्लीपासून लपवायचं काही उरलं नाही, बाबा. लपवलंय ते फक्त तुमच्यापासून." आई टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिनं मला गप्प केलं नाही. बाबा पलंगाच्या कडेवर बसले. विचारलं, "आणि त्यांनी काम नीट केलंय का?" मी म्हटलं, हो. मग ते उठून खाली गेले. गाणं दुपारी आहे. आत्ता खिडकीतून दिसतंय, कोटाला फूल, हातात हत्यारांची पिशवी, एकोणीस नंबरचं दार वाजवताहेत.